मिना ऊवेंगची मरळ

मरळ कशी निवडावी हे मिना ऊवेंगकडून शिकावं. जाळ्यात आलेले तीन-चार मासे ती घमेल्यात सोडायची आणि उकिडवी बसून थोडा वेळ नुसती बघत राहायची. कडेला डोकं आपटून गप्प झाला तो मासा नापास. आपटूनही जो पुन्हा वळला, पुन्हा आपटला, ज्याच्या अंगावरचे काळे पट्टे ओल्या वेतासारखे चमकले, तो बाळंतिणीचा. "ह्याच्यात जीव आहे," ती म्हणायची, "आणि आपल्याला तोच हवाय."

नदीकाठच्या तुम्बांग केरिंग गावात बाळंतिणीला चाळीस दिवस मरळीचा रस्सा देतात. जखम लवकर भरते, अंगात ताकद येते. मिना ऊवेंगच्या आजीच्या काळापासून हे चालत आलेलं. मिना म्हणजे मावशी; पण बासष्ट वर्षांची ही बाई नक्की कुणाची मावशी, असं गावात कुणी विचारत नाही. चाळिशीच्या आतलं बहुतेक प्रत्येक माणूस पहिल्यांदा रडलं ते तिच्याच हातात. गावाच्या दवाखान्यात बू (म्हणजे बाई) एंदाह ही जावा बेटावरची तरुण नर्स आल्यापासून बाळंतपण ती करते, नाळ ती कापते. मिना ऊवेंग बाईच्या पाठीमागे बसते, तिचे खांदे आपल्या छातीशी धरते, आणि पुढचे चाळीस दिवस सांभाळते. शेक, मालिश, पोट बांधणं आणि मरळ. दोघींमध्ये कामाची ही वाटणी भांडून नाही, हळूहळू झाली. पहिल्या वर्षी एंदाहनं तिला हातमोजे दिले, तिनं एंदाहला मुळासकट उपटलेली हळद दिली, आणि तिथून जमलं.

रश्श्यातलं डोकं सुईणीचं. हा तिचा मान. बाळंतिणीच्या घरी जेवायला बसलं की केळीच्या पानावर डोकं आधी तिच्यापुढे येतं, मग बाकीच्यांची वाढणी. मिना ऊवेंग डोकं असं खायची की पानावर हाडांचा स्वच्छ पांढरा ढीग उरायचा, आणि पोरं तो बघायला जमायची.

मरळ पूर्वी नदीची असायची. पुढे वरच्या अंगाला सोन्यासाठी पंप लागले, रात्रंदिवस धडधडले, आणि काळंभोर नितळ पाणी दुधाच्या चहासारखं झालं. पंपांवर बाहेरची माणसं होती तशी गावातलीही होती. सात वर्षांपूर्वी सोनं आटलं. माणसं पुढे गेली. मागे उरला पांढऱ्या वाळूचा माळ, आणि त्यात ठिकठिकाणी हिरव्या पाण्याचे खड्डे. त्यात काही जगणार नाही असं सगळे म्हणत होते. मरळ जगली. नुसती जगली नाही, मांडीएवढी जाड झाली.

तिथली मरळ बाळंतिणीसाठी आणायची, ही युक्ती मिना ऊवेंगची. पाच वर्षांपूर्वी नदीत मरळ मिळेनाशी झाली तेव्हा ती स्वतः गुडघाभर वाळू तुडवत खड्ड्यापर्यंत गेली होती. "जिथं दुसरं काही जगत नाही तिथं हा मासा जगतो," ती सगळ्यांना सांगत सुटली. "मग विचार करा, ह्याच्या अंगात काय ताकद असेल! तीच आईच्या अंगात उतरते." हे बोलणं सगळ्यांना इतकं पटलं की खालच्या गावांतूनही माणसं खड्ड्यांवरची मरळ मागायला येऊ लागली. मिना ऊवेंगची मरळ, असंच तिला म्हणत.

यंदा दोहोंगची बायको येत्री पहिलटकरीण होती. दोहोंगनं सहाव्या महिन्यातच खड्ड्यातून एक मरळ पकडली, मिना ऊवेंगला बोलावून पास करून घेतली आणि घराखालच्या तराफ्याला बांधलेल्या बांबूच्या पिंजऱ्यात सोडली. दोहोंगची आई तिला रोज कोंबडीची आतडी घालायची आणि सुनेपेक्षा तिचीच जास्त चौकशी करायची.

त्याच सुमारास बू एंदाहनं बायकांना दवाखान्यात बोलावून केस मागितले. शहरातून माणसं आली होती, नदीकाठच्या गावांत तपासणी चालली होती. दवाखान्याच्या पायऱ्यांवर पंधरा-वीस बायका जमल्या, पण कुणी पुढे होईना. केस आणि नखं परक्या माणसाच्या हातात द्यायची नसतात. त्यांवरून माणसाचं काहीही करता येतं.

"मागं रक्त मागितलंत," सुपाकची आई म्हणाली. तिची तिन्ही मुलं मिना ऊवेंगच्या हातांत जन्मलेली. "त्याच्या आधी लघवी. आता केस. पुढच्या खेपेला काय मागणार, सावली?"

"शहरात नेऊन कुणाच्या नावानं पुरतील, काय सांगता येतं?" दुसरी कुजबुजली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

मिना ऊवेंग खालच्या पायरीवर सुपारी कातरत बसली होती. तिनं मान वर केली. "अगं, एंदाहला करणी येत असती तर तिनं आधी स्वतःसाठी नवरा नसता का ओढून आणला?"

बायका हसल्या. एंदाह लाल झाली, पण हसली तीही. मिना ऊवेंगनं अडकित्ता खाली ठेवला, अंबाडा सोडला आणि पाठमोरी बसली. तिचे केस कमरेच्या खाली यायचे. अजून निम्मे काळे होते, आणि बासष्टीत असे केस गावात दुसऱ्या कुणाचे नव्हते हे तिला चांगलं माहीत होतं.

"माझे घे. मुळापासून घे. मला काही झालं तर ह्या सगळ्या तुला बघून घेतील."

एंदाहनं मानेजवळून पेन्सिलएवढी बट वेगळी केली, मुळाच्या बाजूला लाल दोरा बांधला आणि कात्री चालवली. मिना ऊवेंगनं डोळे मिटून घेतले होते. मग उठून तिनं अंबाडा बांधला. एकदा सुटला, दुसऱ्यांदा बांधला. बोटं ऐकत नव्हती. गेली दोन वर्षं तिच्या बोटांच्या टोकांना मुंग्या येत होत्या. थंड पाणी आहे की कोमट हे तिला मनगट बुडवून बघावं लागायचं. तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं.

तिच्यानंतर अकरा जणींनी केस दिले.

दोन महिन्यांनी एंदाहनं तिला एकटीलाच बोलावलं. दवाखान्याच्या मागच्या ओसरीवर दोघी बसल्या. एंदाहच्या हातात कागद होता आणि त्यावर एक रेघ होती, चढणारी, उतरणारी, पुन्हा चढणारी.

"मिना, केस महिन्याला साधारण बोटाच्या नखाएवढे वाढतात. तुमच्या बटेत सहा वर्षं होती. त्यांनी तिचे बारीक तुकडे केले आणि कुठल्या तुकड्यात किती पारा आहे ते मोजलं."

"पारा? पंपवाले वाळूतलं सोनं धरायला वापरायचे तो?"

"तोच. जाळला की धूर होऊन उडतो, पाण्यात पडतो, तळाच्या गाळात त्याचं रूप बदलतं. तिथून बारीक किड्यांच्या पोटात जातो. किडे खाणाऱ्या माशांत त्याहून जास्त. त्या माशांना खाणाऱ्यांत आणखी—"

"आणि सगळ्यांना खाते मरळ," मिना ऊवेंग म्हणाली.

एंदाहनं मान डोलावली.

"धुरी दिली तर?"

"नाही जात."

"मीठ लावून आठ दिवस ठेवली तर? आंबट घालून उकळली तर? पहिलं पाणी टाकून दिलं तर?"

"मिना, तो मांसातच मुरलेला असतो. कशानंही जात नाही. त्या दिवशी ज्यांनी केस दिले त्या सगळ्यांच्यात थोडाफार आहे. तुमच्यात सगळ्यात जास्त."

मिना ऊवेंगला अक्षरं येत नव्हती. पण रेघ वाचायला अक्षरं लागत नाहीत. तिनं कागद ओढून मांडीवर घेतला.

"जुनं टोक कुठलं?"

"हे डावीकडचं."

ती बोट ठेवून निघाली. सुरुवातीला रेघ जमिनीलगत होती, मग पायऱ्या चढल्यासारखी वर गेली. आणि मधे एका ठिकाणी घसरून खाली आली होती, बरीच खाली.

"हे काय?"

"तेच त्यांनाही कळेना. यंत्र चुकलं असेल म्हणून त्यांनी दोनदा मोजलं. पाचेक महिने पारा उतरत गेलाय आणि मग एकदम—"

"यंत्र नाही चुकलं." मिना ऊवेंगचं बोट त्या घळीत थांबलं होतं. "तेव्हा मी इथं नव्हते. बहिणीचं मांडीचं हाड मोडलं, मी तिच्याकडे शहरात होते. पाच महिने कोंबडी आणि टोफू खाऊन कंटाळले होते बघ. आले, आणि त्याच आठवड्यात सुपाकच्या धाकट्या भावाचा जन्म." बोट चढावर सरकलं. "हा तो. इथं जुळी झाली, सलग दोन महिने मी त्या घरी जेवत होते. इथं पाद्र्याची सून."

पलीकडे कुणीतरी नदीवर कपडे आपटत होतं. एंदाहला तिच्याकडे बघवेना. गावाच्या पाच वर्षांतली बाळंतपणं त्या रेघेवर ओळीनं उभी होती, आणि ती सगळी ओळखणारी बाई जगात एकच होती.

"पोटातल्या बाळापर्यंत जातो?" मिना ऊवेंगनं विचारलं.

"जातो. नाळेतून. थोडा दुधातूनही. मोठ्या माणसापेक्षा कोवळ्या मेंदूला जास्त लागतो. म्हणून काही अंगावरचं दूध तोडायचं नाही, मिना, दूध हवंच. मासा बदलायचा."

"आणि बोटांना मुंग्या येतात का त्यानं?"

एंदाहनं चमकून तिचे हात बघितले. "कधीपासून?"

"दोन वर्षं."

"मला का नाही सांगितलंत?"

"सुईणीनं बोटांची तक्रार करायची? मग राहिलं काय?"

एंदाहनं ते हात आपल्या हातात घेतले. पाऱ्यामुळेच असं नक्की सांगता येणार नाही, शहरात दाखवायला हवं, मी बरोबर येते, असं काय काय ती बोलत राहिली. मग म्हणाली, "गावात मी सांगते सगळ्यांना. तुमचं नाव घेणार नाही. खड्ड्यांतला मासा खाऊ नका, एवढंच सांगेन."

"तुझं ऐकून कोण सोडणार आहे?" मिना ऊवेंग उठली. "माझं नाव घेऊन खाल्लंय त्यांनी. सोडायचं तर माझंच नाव लागेल."

त्या दुपारी ती घरी गेली नाही. पांढऱ्या वाळूवरून चालत खड्ड्यांपर्यंत गेली. पाणी हिरवं होतं, स्थिर होतं, आणि आभाळ त्यात इतकं नीट दिसत होतं की अशा पाण्यावर कुणी संशय घेतला नसता. काठाजवळ एक मरळ श्वास घ्यायला वर आली, तोंड उघडून हवा गिळली आणि खाली गेली. पाच वर्षं ती त्या तोंडाकडे कौतुकानं बघत आली होती. आजही क्षणभर कौतुकच वाटलं. ह्याचंच तिला रडू आलं.

गप्प बसणं सोपं होतं. यंदा मरळ बारीक आहे, म्हणता आलं असतं. गावानं मान डोलावली असती. पण येत्रीचा आठवा संपत आला होता, पिंजऱ्यातला मासा जाडजूड होता, आणि त्याला पास तिनंच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोहोंगच्या घरी गेली. दोहोंगची आई चुलीपाशी होती, येत्री पाय पसरून वेताची टोपली विणत होती. मिना ऊवेंगनं पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

दोहोंगची आई पहिल्यांदा हसली. "मिना, सुपारी चढली का सकाळी सकाळी?"

"नाही चढली."

"मग त्या जावावालीनं कान भरलेत. तिला काय कळतं मरळ? त्यांच्याकडे गोड आमटी खातात!" मग तिचा आवाज बदलला. "पहिलटकरणीला मरळ नाही दिली तर लोक काय म्हणतील? सासूनं हात आखडला म्हणतील. येत्रीची आई तीन तासांवरून होडी घेऊन येणार, तिच्यापुढं काय ठेवू? वेताचे कोंब?"

"मलाच मरळ नको असेल तर—" येत्रीनं तोंड उघडलं.

"तू गप्प. तुला कोण विचारतंय?"

"खाणार ती, बाळ तिचं," मिना ऊवेंग म्हणाली. "तिलाच विचारायला हवं खरं तर."

मग दोहोंगची आई उभी राहिली. हातातला डाव तिनं खाली ठेवला. "बरं. धर, तू म्हणतेस ते खरं. मग माझ्या पोरीला काय खायला घातलंस? चाळीस दिवस, ह्याच घरात, तुझ्याच हातानं? माझी नात साडेतीन वर्षांची झाली. शेजारची पोरं गाणी म्हणतात, आणि ती अजून 'पाणी' म्हणायला बोट दाखवते. ते त्यामुळं? बोल ना!"

चुलीवरचं भांडं उतू गेलं.

मिना ऊवेंगला खोटं बोलता आलं असतं. नाही, त्यामुळं नाही, एवढंच म्हणायचं होतं. ती म्हणाली, "मला माहीत नाही. असेल. नसेलही. एंदाहला पण सांगता येत नाही. पण खायला मी घातलं, हे खरंय."

दोहोंगच्या आईनं दाराकडे बोट केलं. "नीघ. ह्या घरात परत पाय टाकू नकोस. माझी सून मी सांभाळीन."

रविवारी प्रार्थना संपली आणि माणसं चर्चच्या अंगणात चपला शोधू लागली तेव्हा मिना ऊवेंग पायरीवर उभी राहिली. ठेवणीतला हिरवा ब्लाउज घातलेला, केस ओढून बांधलेले. अख्ख्या गावासमोर उभं राहून ती कधी बोललेली नव्हती. तिचा आवाज बाळंतिणीच्या कानाशी बोलायचा आवाज होता.

"थांबा जरा," ती म्हणाली. "पाच वर्षांपूर्वी मी तुम्हाला सांगितलं, खड्ड्यातली मरळ सगळ्यात ताकदवान. ते चुकलं माझं. त्या मासळीत पारा आहे. माझ्या अंगात आहे, मोजून आलाय. ज्यांना ज्यांना मी ती खायला घातली त्यांनी एंदाहकडे जाऊन केस द्यावेत, आणि पुढं ती कुणी खाऊ नये. पोटुशीनं तर अजिबात नाही. पोरांना नाही."

कुणीतरी मागून म्हणालं, "कुणाकुणाला घातलीस, आठवतं तरी का?"

"आठवतं की." आणि ती नावं घेऊ लागली. कागद नाही, बोटं मोजणं नाही. सुपाकची आई, धाकट्याच्या वेळी. जुळ्यांची आई. पाद्र्याची सून. बाई कोण, मूल कुठलं, पाऊस होता की कोरडे दिवस होते, कळा किती वेळ चालल्या. तेवीस बायका. अंगणात जिचं नाव आलं ती बाई जागच्या जागी उभी राहायची आणि शेजारची तिच्याकडे बघायची. दोहोंगच्या बहिणीचं नावही तिनं गाळलं नाही. दोहोंगची आई तोंड फिरवून चालू पडली.

एका तरुण बाईला रडू फुटलं. तिचा नवरा ओरडला, "आता सांगतेस?"

"कळलं तेव्हा सांगते," मिना ऊवेंग म्हणाली. "गुरुवारी कळलं."

मग सुपाकची आई पुढे आली. सगळ्यात आधी तीच शिव्या घालणार असं लोकांना वाटलं होतं. तिनं मिना ऊवेंगकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "मग खायचं काय, ते पण सांग. बाळंतीण काय वाळू खाणार?"

"बारके मासे. सालुआंग. बोटाएवढे असतात, फार जगत नाहीत, दुसऱ्या माशांना खात नाहीत, त्यामुळं त्यांच्यात पारा साठत नाही फारसा. एंदाहला विचारलंय मी. तेही खड्ड्यांच्या वरच्या अंगाला, जंगलातला ओहोळ आहे ना, तिथले. अंडी, कोंबडी, वेताचे कोंब."

"सालुआंग?" सुपाकची आई म्हणाली. "एका रश्श्याला शंभर लागतील! आणि सुईणीचा मान? तुझ्या पानावर काय वाढायचं, शंभर डोकी?"

पहिल्यांदा कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. मिना ऊवेंग हसली नाही. "वाढा," ती म्हणाली. "बसून खाईन."

सोमवारी दवाखान्याच्या पायऱ्यांवर सतरा बायका होत्या. मंगळवारी उरलेल्यांतल्या चार. खालच्या गावाची होडीही आली, तीत पाच जणी होत्या. एंदाहचा लाल दोरा संपला, मग तिनं दप्तर बांधायचा निळा काढला. दोहोंग एका सकाळी पिंजऱ्यासकट मरळ घेऊन आला, आईला न विचारता, आणि म्हणाला, "हिच्यात किती आहे तेपण बघा." एंदाहनं ती बर्फाच्या पेटीतून शहरात धाडली. मग मात्र दोहोंगच्या घरात तीन दिवस भांडी आपटल्याचा आवाज येत होता.

मिना ऊवेंगला त्या दिवसांत बोलणी बसलीच. ज्या दारांत तिला पाहिल्याबरोबर चटई टाकायचे त्यांतल्या दोन-तीन दारांत आता कुणी पुढे होईना. ती वाकली नाही. रोज सकाळी टोपली घेऊन ओहोळावर जायची, सालुआंग कुठं दाट आहेत, कुठल्या वेळी वर येतात हे बघायची, आणि संध्याकाळी वाटेत भेटेल तिला सांगायची. पारा जाणार तर नव्हता लगेच, पण तिनं मरळ खाणं थांबवलं होतं आणि पुढच्या वर्षी तिची रेघ खाली उतरलेली बघायची तिला उत्सुकता होती. "मग तो कागद मी चर्चच्या दाराला लावणार," ती एंदाहला म्हणाली. ह्या बाईच्या अंगातला ताठा कशानंही उतरत नाही, हे पाहून एंदाहला हसू आलं. बरंही वाटलं.

येत्रीला कळा सुरू झाल्या त्या भर सकाळी, उन्हात. एंदाह पिशवी घेऊन पोचली. दोन तासांनी येत्रीनं दातओठ खात सांगितलं, "मिना पाठीशी हवी. तिच्याशिवाय मी बसत नाही." सासूनं सुनेची आई पुढे केली, मग शेजारीण पुढे केली. येत्रीनं दोघींचे हात झिडकारले. "मिना!"

आणि गावानं पाहिलं ते असं: दोहोंगची आई, डोक्यावर ऊन घेत, गावभर जाणाऱ्या फळ्यांच्या वाटेवरून, एकेका घरासमोरून, कुणाकडे न बघता चालत निघाली. निरोप कुणाच्याही हाती धाडता आला असता. ती स्वतः गेली. मिना ऊवेंगच्या जिन्याखाली उभी राहून तिनं वर हाक मारली. "मिना! चल. तुझी पोरगी ऐकत नाही माझं."

मिना ऊवेंग आधीच हातपाय धुऊन, पोट बांधायचं कापड खांद्यावर टाकून बसली होती. खाली उतरली. दोघी एकीमागे एक चालू लागल्या.

उन्हं कलायच्या आत मुलगी झाली. काळीभोर, तीन किलोला थोडी कमी, आणि आवाज असा की तराफ्यावरची माणसं हसली. मिना ऊवेंगनं येत्रीला टेकवलं, कापड करकचून बांधलं, घाम पुसला. मग ती हात धुवायला मागच्या चुलीकडे गेली आणि दारातच थबकली. तिला वास आला होता. हळद, लेमनग्रास आणि मासा.

चुलीवर मोठं पातेलं होतं. दोहोंगची आई पाठमोरी बसली होती. मिना ऊवेंगनं न विचारता झाकण उचललं.

पिवळ्याजर्द रश्श्यात बोटाएवढे मासे होते, शेकड्यांनी. एकाचंही पोट फाटलेलं नव्हतं. खवलं दिसत नव्हतं. इतकी नाजूक साफसफाई चार-पाच तास बसल्याशिवाय होत नाही.

"कधी आणलेस?" मिना ऊवेंगनं विचारलं.

"काल. ओहोळावर गेले होते." दोहोंगची आई वळली नाही. "परवापण गेले होते. परवाचे फुकट गेले, सुरी मोठी पडली. तू सांगितलंस नुसतं सालुआंग, सालुआंग. साफ कशानं करायचे ते कोण सांगणार?"

"नखानं. अंगठ्याच्या."

"कळलं आता मला." तिनं आपला अंगठा वर करून दाखवला. तो सोलवटून लाल झाला होता.

मिना ऊवेंगनं डावानं थोडा रस्सा घेतला, फुंकला, चाखला. पातेल्यातली हळद, मीठ, आंबट सगळं जिभेवर नीट फिरवलं, नवीन सुईणीची घ्यावी तशी परीक्षा ती प्रत्येक सासूच्या रश्श्याची घ्यायची. आतून येत्रीची आई विचारत होती, मरळ शिजली का.

"तिला सांग," मिना ऊवेंग म्हणाली, "ह्या घरात मरळीपेक्षा भारी शिजतंय." मग डाव ठेवून म्हणाली, "मीठ चिमूटभर कमी आहे. बाकी असा रस्सा मला पण जमला नसता. पुढच्या महिन्यात पाद्र्याच्या धाकट्या सुनेचा नंबर आहे. तिच्या सासूला शिकवशील?"

"मी? मी काय गावाची स्वयंपाकीण?" दोहोंगची आई फणकारली. मिठाच्या बरणीत हात घालून चिमूटभर मीठ तिनं पातेल्यात टाकलं, ढवळलं, वाटी भरली आणि सुनेकडे जाता जाता दारातून मागे बघितलं. "पहाटे निघायला सांग तिला. ऊन चढलं की सालुआंग खोल जातात. आणि सुरी आणू नको म्हणावं."